ताक, साय, तांदूळ, शिंपला

अक्काच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. त्या गोष्टीला सव्वातीन महिने होऊन गेले होते, आणि रंगारी इकबाल मणेर रिकाम्या खोलीत भिंतीसमोर उभे राहून मला विचारत होते, "मग सर, ह्यातला कुठला?"

भिंतीवर चार पट्टे होते. प्रत्येक पट्टा वीतभर रुंद आणि हातभर उंच. चारही पांढरे. म्हणजे अगदी पांढरे नाहीत, पांढऱ्याच्या आसपासचे. दुकानातल्या कार्डावर त्यांना इंग्रजी नावं आणि आकडे होते, पण इकबालभाई ती वापरत नसत. त्यांची स्वतःची नावं होती.

"हे ताक," ब्रशच्या दांड्यानं एकेका पट्ट्यावर टिचकी मारत ते म्हणाले. "ही साय. हा धुतलेला तांदूळ. आन् हा शिंपला."

"मला चारही सारखेच दिसतायत."

"काल संध्याकाळी तुम्हीच म्हणालासा, चौघांची तोंडं चार दिशेला हायत म्हणून."

"म्हणालो होतो खरं."

"मग सकाळी सकाळी एका आईची कशी काय झाली?"

मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून मांडीवरची वही उघडली आणि त्यात लिहिलं, 'मंगळवार, सकाळी साडेआठ. फरक नाही.' त्याच्या वरच्या ओळीत होतं, 'सोमवार, संध्याकाळी पाच. ताक फार निळसर. शिंपला राखेसारखा. साय त्यातल्या त्यात बरी, पण थंड.' आणि त्याच्याही वर, 'सोमवार, सकाळ. फरक नाही.'

मी कराडच्या एका वाचनालयात चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो. ज्या गोष्टीचा निर्णय होत नाही ती वहीत लिहायची, ही माझी तिथली सवय. लिहून निर्णय होतो असं नाही, पण काहीतरी केल्यासारखं वाटतं. आज मी एक्याऐंशी वर्षांचा आहे, तेव्हा अडुसष्टचा होतो. ती वही अजून माझ्याजवळ आहे, म्हणून वार आणि वेळा एवढ्या खात्रीनं सांगू शकतो. बाकी कशाचीच मला आयुष्यात फारशी खात्री नव्हती.

"वहीत रंग कळत न्हाई सर," इकबालभाई म्हणाले. "खोलीत राहणार कोण, ते सांगा. मग मी सांगतो रंग कुठला."

"पुस्तकं."

"पुस्तकं?"

"पुस्तकांची खोली आहे ही."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. मी आठवडाभर खपून सगळी पुस्तकं तिथून काढून बाहेरच्या खोलीत रचली होती. इतकी, की दारातून आत यायला तिरकं व्हावं लागे. इकबालभाई रोज तसेच तिरके होऊन आत येत होते.

"पुस्तकं भिंत झाकत्यात," ते म्हणाले. "झाकायच्या भिंतीला कोण चार-चार पट्टे मारून घेतं?"

मी वहीत बघत राहिलो. त्यांनी डब्यावर झाकण ठोकून बसवलं, सायकलला पिशवी अडकवली आणि दुसऱ्या कामावर निघून गेले. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. दिवाळीच्या आधी रंगारी मिळत नाही आणि नंतर त्याला कामाची घाई नसते, म्हणून माझ्यासारख्या माणसाला ते सकाळ-संध्याकाळ सहन करत होते. जाता-येता डोकावायचे, विचारायचे, आणि मी अजून ठरवतोय हे पाहून निघून जायचे.

अक्काचं पत्र जुलैच्या शेवटी आलं होतं. द्वारका हे तिचं नाव. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. अकोल्याच्या एका दवाखान्यात तिनं जन्मभर नर्सचं काम केलं आणि निवृत्तीनंतर तिथल्याच तिच्या मैत्रिणीच्या, मार्थाबाईंच्या घरी ती राहिली. लग्न तिनं केलं नाही आणि मीही केलं नाही. तिनं का केलं नाही हे मला माहीत आहे. वडील गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि तिच्या पगारावर शिकत होतो. मी का केलं नाही हे मात्र मला नीटसं सांगता येणार नाही. विचारायचं धाडस झालं नाही, एवढंच.

त्या वर्षी मे महिन्यात मार्थाबाई गेल्या. जुलैच्या पत्रात अक्कानं लिहिलं होतं:

'चि. रघू यास अनेक आशीर्वाद. मार्थाच्या पुतण्याला डिसेंबरात हे घर हवं आहे. त्याचं काही चूक नाही, घर त्याचंच. अमरावतीला एक वृद्धाश्रम आहे, मी जाऊन पाहून आले, स्वच्छ आहे. माझ्यासाठी एक खाट धरून ठेवली आहे. पंधरा नोव्हेंबरला त्यांना हो की नाही ते कळवायचं आहे. त्याआधी तुला विचारते. तुझ्याकडे येऊन राहू का? तुला एकटं राहायची सवय आहे आणि मलाही माझ्या सवयी आहेत. नको वाटलं तर तसं लिही, मला राग येणार नाही. उत्तरच आलं नाही तर मी काय ते समजेन. - द्वारका.'

इतकं साधं पत्र. ह्यावर 'ये' एवढं लिहायला सव्वातीन महिने कशाला लागावेत?

त्याचं कारण पत्रातल्या मजकुरात नव्हतं, कागदाच्या कोपऱ्यांत होतं.

आपल्याकडे लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद लावतात. अक्का आपल्या साध्या पत्रांनाही लावायची. मी पुण्याला वसतिगृहात असल्यापासून. पाण्यात कालवलेल्या हळदीत बोट बुडवायचं आणि चारही कोपऱ्यांना एकेक पुसट ठिपका द्यायचा. मार्थाबाई तिला चिडवायच्या, "द्वारका, पत्राला फोडणी घातलीस का?" हे तिनंच मला एकदा लिहिलं होतं. माझ्या परीक्षांची पत्रं, नोकरी लागल्यावरचं, तिच्या बढतीचं, नुसतीच ख्यालीखुशालीची, सगळ्यांना हळद असायची. नव्हती ती फक्त तीन पत्रांना. वडील गेल्याचं, आई गेल्याचं आणि मार्थाबाई गेल्याचं. म्हणून अक्काचं पत्र उघडलं की मी आधी कोपरे पाहायचो आणि मग पहिली ओळ वाचायचो.

जुलैच्या त्या पत्राचे चारही कोपरे कोरे होते.

मग मी पत्र वाचलं, आणि कोऱ्या कोपऱ्यांचं पत्र जसं वाचावं तसं वाचलं. मला वाटलं, तिला यायचं नाहीये. जाण्याआधी भावाला विचारायला हवं म्हणून विचारते आहे. 'ये' असं लिहिलं तर ती येईल, कारण तिनं विचारलं होतं. मग माझ्याकडे बघत, मन मारून, मी चहात साखर किती घालतो हे शिकत राहील. आणि मी तिच्याशी दिवसभर काय बोलू? एका छपराखाली आम्ही शेवटचे राहिलो त्याला जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती. 'नको' असं लिहिणं तर शक्यच नव्हतं. मी पत्र मोठ्या शब्दकोशात ठेवून दिलं. एव्हाना ते मला पाठ झालं होतं, त्यामुळे पुन्हा उघडायची गरज पडली नाही.

आणि तरीही मी खोली रिकामी केली. ह्याचा मेळ मला तेव्हाही लागला नव्हता. खोलीला रंग लागला की उत्तर लिहू, असं मी स्वतःला सांगितलं होतं. मग रंग ठरेना.

मंगळवारी संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या उषाताई अळूवडी घेऊन वर आल्या. खोलीच्या दारात थांबून त्यांनी पट्टे पाहिले.

"काका, हा डोळ्यांच्या डॉक्टरांचा तक्ता भिंतीवर कशाला रंगवून घेतलाय?"

"रंग निवडतोय."

"ह्यात निवडण्यासारखं काय आहे? पांढरा तो पांढरा. आमच्याकडे ह्यांनी फोनवर सांगितलं, पांढरा मार. झालं."

"पांढऱ्यातही फरक असतो, उषाताई."

"असेल बाई. तुमचा नवा डोळा आहे, तुम्हाला दिसणार." त्यांनी बशी माझ्या हातात दिली. "दुसरा कधी करायचा?"

सप्टेंबरात माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डाव्यातही होता, पण तो नंतर करू असं डॉक्टर म्हणाले होते. महिनाभर उषाताई दिवसातून चार वेळा वर येऊन माझ्या डोळ्यात थेंब घालत होत्या. मला स्वतःला ते जमत नसे, थेंब गालावर पडायचे. त्या काही म्हणत नव्हत्या, पण प्रत्येक वेळी जिन्यात त्यांची पावलं वाजली की मला शरमल्यासारखं व्हायचं.

"बघू," मी म्हणालो.

"बघू नका. डिसेंबरात मी पुण्याला जाणार, धाकटीच्या बाळंतपणाला. त्याआधी उरका, नाहीतर थेंबाला दुसरं माणूस शोधा."

"घाई नाही. एकानं चाललंय की."

"चाललंय?" भिंतीकडे बघून त्या म्हणाल्या. "दिसतंय."

त्या गेल्यावर मी वहीत लिहिलं, 'मंगळवार, संध्याकाळ. चारही वेगळे. आज तांदूळ बरा वाटतो.' बुधवारी सकाळी पुन्हा, 'फरक नाही.' बुधवारी संध्याकाळी, 'तांदूळ नको.'

बुधवारी इकबालभाई थोडे वैतागले. ते वैतागले की जास्त शांतपणे बोलत.

"सर, पोरगी बघायला गेलं तरी लोक दोनदा बघून सांगत्यात. हे तुमचं सहाव्यांदा चाललंय."

"पोरगी बघायला मी कधी गेलोच नाही, इकबालभाई."

"ते कळतंय," ते म्हणाले, आणि मग त्यांनाच हसू आलं. मलाही आलं.

गुरुवारी सकाळी ते आले, तेव्हा मी आधीच खुर्चीत बसलेलो होतो. खोलीची खिडकी पूर्वेला आहे. ऊन सरळ आत येऊन जमिनीवर पसरलं होतं. मी पट्ट्यांकडे बघत होतो. इकबालभाईंनी आज पट्ट्यांकडे बघितलंच नाही. ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि माझ्याकडे बघत राहिले. मला अवघडायला झालं.

"सर, एक विचारू?"

"विचारा."

"सकाळी तुम्ही उजवा डोळा का मिटतासा?"

"मिटतो?"

"रोज. ऊन आलं की उजवा गच्च मिटता आन् डाव्यानं बघता. संध्याकाळी दोन्ही उघडे असत्यात."

मी हात लावून पाहिलं. डोळा खरंच मिटलेला होता. ऑपरेशनपासून उन्हाची तिरीप त्या डोळ्याला सहन होत नसे. तो आपोआप मिटत होता आणि मला पत्ता नव्हता.

"असं करा," इकबालभाई पुढे आले आणि त्यांनी खिडकीचं एक दार लोटून घेतलं. ऊन गेलं, उजेड राहिला. "उजवा हातानं झाका. हां. काय दिसतंय?"

"चारही सारखे. जुन्या कागदासारखे."

"आता डावा झाका."

मी हात बदलला.

भिंत बदलली. दुसरा शब्द मला अजून सुचलेला नाही. जे चार पट्टे क्षणापूर्वी एकाच पिवळट भिंतीत विरून गेले होते, ते चार ठिकाणी स्वच्छ उभे राहिले. ताकात निळसर झाक होती, शिंपल्यात किंचित गुलाबी. तांदूळ करडा होता. साय एकटीच खरोखर पिवळसर होती, आणि तीही अगदी नावापुरती. मी पुन्हा हात बदलला. सगळे गेले. पुन्हा बदलला. आले.

"अरेच्चा," मी म्हणालो.

"हां."

"म्हणजे दोन्ही वेळा मी खरंच सांगत होतो."

"खरंच सांगत होतासा. दोन माणसं होती तुमच्यात."

मी उठलो. मला राहवेना. स्वयंपाकघरात गेलो, दुधाचं पातेलं उघडलं, एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. डाव्या डोळ्याला दूध साईसकट गायीचं वाटत होतं, उजव्याला म्हशीचं. मीठ पाहिलं. दोरीवर वाळत घातलेला बनियन पाहिला. तो मला महिनोन् महिने कळकट वाटत होता आणि त्यासाठी मी धुणं करणाऱ्या बाईंना एकदा दबकत दबकत बोललोही होतो. उजव्या डोळ्याला तो लख्ख होता. बाहेरच्या खोलीत येऊन ढिगातलं सहा महिन्यांपूर्वी घेतलेलं पुस्तक उघडलं. कागद वाईट वापरलाय म्हणून त्या प्रकाशकाला पत्र लिहायचं माझ्या मनात होतं. कागद चांगला होता. बरं झालं, ते पत्रही मी लिहिलं नव्हतं.

इकबालभाई तिरके होऊन माझ्या मागोमाग येत होते.

"आमच्या अब्बांचं असंच झालतं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं रंगकाम केलेला माणूस. शेवटी शेवटी पांढरा कालवायला बसले की पिवळा जास्त पडायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, मणेरमामा, पांढरा सांगितलावता. हे म्हणायचे, मग हा काय हिरवा हाय का? भांडायचे. त्यांना पिवळा दिसतच नव्हता. पांढऱ्यावर किती बी पडूदे, पांढराच दिसायचा. आम्हाला वाटलं, म्हातारा हट्टाला पेटलाय."

"मग?"

"मग काय. डोळ्याचं कळलं तवर त्यांनी ब्रश टाकला होता. अंगणात बसायचे, कुणाशी बोलायचे न्हाईत." त्यांनी खोलीकडे बोट केलं. "चला, आता नीट निवडू. एक पांढराधोप कागद आणा. कोरा. पट्ट्याशेजारी धरला की रंग आपला आपण बोलतो."

मी कागद शोधू लागलो. वहीचे कागद रेघांचे होते. कॅलेंडरची मागची बाजू चकचकीत होती, ती चालणार नाही म्हणाले. माझ्या घरात हजारभर पुस्तकं, पण एक कोरा कागद सापडेना. मग आठवलं. अक्काचं पत्र. तिच्या दवाखान्यातल्या जुन्या पॅडचा जाड, बिनरेघांचा कागद. शब्दकोश ढिगाच्या वरच होता. मी पत्र काढलं, मजकूर आतल्या बाजूला जाईल असं मधोमध दुमडलं आणि उजवा डोळा उन्हानं दुखत होता म्हणून तो हातानं चोळत चोळत खोलीत जाऊन इकबालभाईंच्या हातात दिलं.

त्यांनी ते सायीच्या पट्ट्याशेजारी धरलं आणि लगेच खाली घेतलं.

"हा नको सर. ह्याला हळद लागलीया."

"कुठे?"

"ही काय. कोपऱ्यात." त्यांनी घडी उलटीसुलटी केली. "चारी कोपऱ्यांत हाय. आरपार उमटलीया."

मी डोळ्यावरचा हात काढला. मग तोच हात डाव्या डोळ्यावर ठेवला. उजव्या डोळ्यात पाणी होतं, ते थांबेपर्यंत काही दिसेना. मग दिसलं. चार कोपऱ्यांना चार पुसट ठिपके. एका ठिपक्यात तर बोटाच्या रेषासुद्धा होत्या.

मी कागद उलगडला. आतल्या बाजूला ते जरा जास्त ठळक होते. हात बदलून डाव्या डोळ्यानं पाहिलं. कोपरे कोरे.

जुलैत माझे दोन्ही डोळे डाव्यासारखे होते.

खुर्ची दूर होती, म्हणून मी रंगाच्या पालथ्या डब्यावर बसलो. इकबालभाईंनी विचारलं, "काय झालं सर? कसला कागद हाय हा?"

"पत्र आहे. माझ्या बहिणीचं."

"काय वाईट?"

"नाही. मला तसं वाटलं होतं."

ते माझ्यासमोर उकिडवे बसले. मी कुणाला घरातलं सांगत नाही. त्यांना सांगितलं. हळदीचं, मार्थाबाईंचं, अमरावतीच्या खाटेचं, पंधरा तारखेचं. सांगायला फार वेळ लागला नाही, आणि मला त्याचंच नवल वाटलं. सव्वातीन महिने जे वाहत होतो ते एवढंसंच होतं.

"आज तारीख काय?" त्यांनी विचारलं.

"पाच."

"पत्र पोचायला?"

"चार दिवस. कधी पाच."

"फोन?"

"तिला फोनवर ऐकू येत नाही. आणि त्यांच्या शेजाऱ्यांचा नंबर माझ्याकडे नाही."

"मग ही खोली बहिणीची व्हय," ते म्हणाले. "पुस्तकांची म्हणे."

"हो. बहिणीची."

"मग रंग त्यांनाच विचारा की. आपण दोघं चार दिवस हितं काय करतोय?"

त्यांनी पिशवीतून जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला, त्याच्या चार पट्ट्या फाडल्या आणि प्रत्येकीवर एकेक रंग ओढला. मी खिडकीत बसून उत्तर लिहायला घेतलं. कागद वहीचाच, रेघांचा. पहिल्यांदा लिहिलं ते नुसती क्षमा मागण्यात संपलं, ते फाडलं. दुसऱ्यांदा मोतीबिंदूमुळे पिवळा रंग का दिसत नाही हे समजावण्यात दीड पान गेलं, तेही फाडलं.

"सर, रंग वाळला," भिंतीकडून आवाज आला. "पत्र लिहिताय का पुस्तक काढताय?"

तिसऱ्यांदा लिहिलं ते असं होतं:

'ती. अक्कास साष्टांग नमस्कार. उत्तराला उशीर झाला. त्याचं कारण लांबलचक आहे आणि त्यात माझा मूर्खपणा आहे, ते समोर बसून सांगेन. ये. खोली रिकामी केली आहे, खिडकी पूर्वेची आहे. सोबत चार रंग पाठवतो, मागे नावं लिहिली आहेत. तुला आवडेल तो सांग. माझ्यावर सोपवू नकोस, मला ते एका डोळ्यानं सारखे दिसतात आणि एका डोळ्यानं वेगळे. डावा डोळा अजून व्हायचा आहे, थेंब घालायला माणूस लागेल, हेही आधीच सांगून ठेवतो. तुझी हळद मिळाली. - रघू.'

इकबालभाईंनी पट्ट्या आणून दिल्या. मी त्यांच्या मागे पेन्सिलीनं लिहिलं, ताक, साय, तांदूळ, शिंपला. लिहिताना वाटलं, अक्का ही नावं वाचून नक्की विचारेल की रघू, रंग पाठवलेत की वाणसामान.

मग मी स्वयंपाकघरात गेलो. वाटीत चिमूटभर हळद घेतली, पाणी घातलं. हे मी आयुष्यात कधी केलेलं नव्हतं. पत्रं तिची यायची, ठिपके तिचे असायचे. माझ्या उत्तरांना तसं काही करावं हे मला कधी सुचलंच नव्हतं. तिनं त्यावरून काय समजायचं ते समजून घेतलं असेल, किंवा काहीच समजली नसेल. बोट बुडवून मी चार कोपऱ्यांना लावलं. पाणी जास्त झालं होतं.

"पुसट झालंय," इकबालभाई दारातून म्हणाले. "दुसरा हात मारा."

उजव्या डोळ्याला ते व्यवस्थित दिसत होतं. मी उजवा झाकला आणि डाव्यानं पाहिलं. कोरं. अक्का तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची होती. तिचे डोळे कसे आहेत हे मी कधी विचारलं नव्हतं. मी वाटीत आणखी हळद घातली, दाट कालवली आणि दुसरा हात मारला. मग तिसरा. डाव्या डोळ्याला दिसेपर्यंत लावत राहिलो. शेवटी चार कोपऱ्यांना चार चांगले जाडजूड ठिपके झाले, ओळींवरसुद्धा थोडे पसरले.

"आता कसं," इकबालभाई म्हणाले.

वाळायला पाच मिनिटं लागली. पाकिटात पट्ट्या घातल्यावर ते फुगलं. आम्ही दोघं तिरके होऊन बाहेर पडलो आणि जिना उतरलो. उषाताई दारात उभ्या होत्या.

"ठरला का रंग?"

"नाही," मी म्हणालो. "विचारायला चाललोय."

चौकातली पोस्टाची पेटी आमच्या घरापासून शंभर पावलांवर होती. साडेअकराची डाक निघायला अजून अवकाश होता. इकबालभाई सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आले. पेटीची फट अरुंद होती, पाकीट जाईना. मी ते थोडं दाबलं, तिरकं केलं आणि आत ढकललं. बोटांना हळद होती, ती पेटीच्या तोंडाला लागली.

"पडलं न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी फटीत बोटं घालून चाचपलं. आत काही लागलं नाही.

"पडलं," मी म्हणालो.